मदत हवी आहे: पुण्यातील सहकारनगर परिसरात सपाट, निवांत चालण्याच्या जागा आणि दोघांना मिळून करता येईल असा विरंगुळा

नमस्कार.

एरंडवण्यातील आमची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करावी लागली आणि ऑगस्टपासून आम्ही दोघे सहकारनगरात भाड्याच्या घरात राहत आहोत. नव्या घराचा ताबा मिळायला तीन वर्षे तरी लागतील. इथले घर हवेशीर आहे, शेजारही चांगला आहे, त्याबद्दल काही म्हणणे नाही. मात्र सव्वीस वर्षे ज्या रस्त्यांनी मी रोज सकाळी चालत होते ते रस्ते सुटले, आणि ते पुन्हा नव्याने कसे जमवावे हे मला उमगेनासे झाले आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांमधून निघायचे, कालव्याच्या रस्त्याने जायचे आणि कमला नेहरू उद्यानाला वळसा घालून परतायचे, असा आम्हा चौघींचा क्रम होता. किती मिनिटे झाली, किती पावले झाली, हे आमच्यापैकी कोणीही कधी मोजले नाही. कोणाच्या सुनेचे दिवस भरत आलेले, कोणाचे लोणचे यंदा खराब झालेले, कोणाच्या दिरांचे ऑपरेशन ठरलेले, या बोलण्यात पाऊण तास सरत असे. त्याला आम्ही व्यायाम म्हणतही नव्हतो.

इथे आल्यावर दोन महिने चालणे जवळजवळ बंद राहिले. सप्टेंबरअखेर रक्त तपासले तेव्हा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ आला. ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पातळी आहे, औषध लगेच नको, पण चालणे पुन्हा सुरू झालेच पाहिजे, असे डॉक्टरांनी सांगितले. मुलाने काळजीपोटी मनगटी घड्याळ पाठवले आणि त्यात रोजची दहा हजार पावले ठरवून दिली. मीही हट्टाने, एकही दिवस न चुकवता, तीन आठवडे ती पूर्ण केली. रस्ता सिमेंटचा, पदपथावर जागोजागी वाहने उभी आणि मधले ठोकळे उखडलेले, त्यामुळे बहुतेक चालणे रस्त्याच्या कडेने, मागून येणाऱ्या दुचाकीकडे कान ठेवूनच होत असे. तेव्हापासून उजवी टाच दुखू लागली आहे. सकाळी पलंगावरून उतरून पहिले पाऊल टाकले की टाचेत खिळा रुतल्यासारखे होते. कपाटाला धरून आठ-दहा पावले टाकली की ते ओसरते, आणि दुपारी बराच वेळ बसून उठले की पुन्हा तसेच.

यजमानांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे वय ६७ आहे आणि दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली आहे. सपाटीवर चाला, चढउतार आणि जिने टाळा, असे त्यांना सांगितलेले आहे. त्यांनी आयुष्यभर मुद्रितशोधनाचे काम केले. एरंडवण्यात त्यांचे वाचनालय होते, पारावरचे दोन मित्र होते. इथे ते तेच वर्तमानपत्र दोनदा वाचतात आणि संध्याकाळी खिडकीशी बसून राहतात. ‘चला, जरा पाय मोकळे करून येऊ’ असे म्हटले की ‘कुठे जायचे?’ असे विचारतात, आणि खरे सांगायचे तर त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसते.

गेल्या आठवड्यात मात्र एक गोष्ट घडली. औषधे आणायला म्हणून आम्ही तुळशीबागवाले कॉलनीतून जात होतो. तिथे जुने बंगले अजून बरेच शिल्लक आहेत. एका फाटकाशी हे थांबले आणि खांबावरची संगमरवरी पाटी वाचू लागले. ‘आशीर्वाद’ हा शब्द तिथे दीर्घ शी घालून, अगदी बरोबर कोरलेला होता. ‘हा बहुतेक ठिकाणी ऱ्हस्वच असतो’, असे म्हणून त्यांनी पाटीवरून बोट फिरवले. पुढच्या घराचे नाव लोखंडी जाळीत वळवलेल्या अक्षरांत होते, त्यापुढचे सिमेंटमध्ये उठवलेले. त्या दिवशी ते माझ्याबरोबर चाळीस मिनिटे चालले आणि गुडघ्याचे नावही काढले नाही. परतताना एका बुचाच्या झाडाखाली पहाटेची फुले पडलेली होती. मी ती वेचली आणि लहानपणी करायचो तशी, लांब देठ एकमेकांत गुंफून, दोऱ्याशिवाय वेणी केली. हातांना ती अजून येत होती. यांनी ती घरी आणून पाण्याच्या वाटीत ठेवली.

तेव्हापासून मला वाटते आहे की, निदान आमच्या वयात, नुसते चालण्यासाठी चालणे टिकत नाही. वाटेवर डोळ्यांना आणि मनाला थोडे काम हवे. जाणकारांनी मार्ग सुचवावेत, ही विनंती. टाच दुखत असताना चालावे की पूर्ण विश्रांती घ्यावी? दहा हजार पावले खरोखर आवश्यक आहेत का? सहकारनगरापासून जवळ, गुडघ्यांना झेपेल अशी सपाट आणि सावलीची जागा कोणती? आणि पाट्या वाचण्यासारखे, पैसे न लागणारे, चालता चालता दोघांना करता येण्यासारखे आणखी काय आहे? व्यायामशाळा किंवा सहली यांचे पर्याय कृपया सुचवू नयेत, आम्हाला घराजवळचेच हवे आहे.

प्रतिसाद १

ताई, मी डॉक्टर नाही, परंतु हेच दुखणे मी दोन वर्षांपूर्वी सात महिने सोसले आहे, म्हणून लिहितो. तुम्ही वर्णन केलेली लक्षणे तळपायाच्या जाड पडद्याला सूज आल्याची वाटतात. हा पडदा टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेला असतो. रात्रभर तो आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो, म्हणून ती कळ येते. माझ्या भौतिकोपचारतज्ज्ञांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या आणि त्या दोन्ही उपयोगी पडल्या. उठण्याआधी पलंगावरच पाय लांब करून, पंचा तळपायाच्या पुढच्या भागाला अडकवून तो स्वतःकडे ओढायचा आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचा, असे तीन-चार वेळा. दिवसातून दोनदा भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, कारण पोटरी आखडलेली असेल तर सारा भार टाचेवर येतो. घरात फरशीवर अनवाणी अजिबात वावरू नका, मऊ तळव्याची चप्पल घरातही घाला. मला सर्वाधिक फरक त्यानेच पडला. चालणे पूर्ण बंद केले नाही, फक्त एका दमात न चालता दिवसातून तीनदा थोडे थोडे चाललो. तरीही तुमची साखर वाढलेली आहे, तेव्हा पायाचे कोणतेही दुखणे एकदा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून घ्याच.

प्रतिसाद २

दहा हजारांचा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. जपानमध्ये १९६५ मध्ये पावले मोजणारे एक यंत्र बाजारात आले, त्याचे नावच ‘मानपोकेई’, म्हणजे दहा हजार पावले मोजणारे यंत्र, असे होते. तिथून तो आकडा जगभर पसरला. अमेरिकेतील सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांचा, ज्यांचे सरासरी वय ७२ होते, एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमधील मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले आणि साधारण ७,५०० पावलांच्या पुढे फायदा फारसा वाढताना दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटना पावले सांगतच नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल, आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम, आणि पासष्टीनंतर त्याशिवाय तोल सांभाळण्याचा सराव, असे तिचे सांगणे आहे. मध्यम गतीची खूणही सोपी आहे: चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. तुमच्या चौघींच्या गप्पा त्या मापात अगदी बसत होत्या.

साखरेसाठी आणखी एक. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालले तर जेवणामुळे चढणारी साखर कमी चढते, कारण पायांचे स्नायू ती लगेच वापरू लागतात. दोन्ही जेवणांनंतर सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारल्यात तर अर्ध्या तासाची बेरीज तिथेच होते आणि टाचेवर एकदम भारही येत नाही.

प्रतिसाद ३

मी तळजाई टेकडीच्या पायथ्याशी तीस वर्षे राहतो. काका-काकूंनी तळजाईचा विचार जरूर करावा, मात्र चढण रिक्षाने करावी. लोक चढताना गुडघा सांभाळतात आणि उतरताना विसरतात, वास्तविक उतारावरच गुडघ्यावर अधिक भार येतो, म्हणून परतही रिक्षानेच यावे. वरचे पठार बऱ्यापैकी सपाट आहे आणि पाचगाव-पर्वतीच्या वनातील वाटा मातीच्या आहेत, त्या सिमेंटपेक्षा टाचेला कितीतरी सुसह्य. वनाचे फाटक ठरावीक वेळेतच उघडे असते. रविवारी गर्दी फार होते, तेव्हा मधल्या वारी जा. मोर दिसेलच असे नाही, पण ओरडणे ऐकू येते. तांबट पक्षी मात्र उन्हे चढली की हमखास ऐकाल, तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारावी तसा, एका लयीत. त्याला पानांत शोधून काढणे हाच एक विरंगुळा आहे. हिरवा, चिमणीपेक्षा थोडा मोठा आणि छातीवर लाल डाग.

अगदी सपाट हवे असेल तर सारसबाग आहेच. पण मी सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान सुचवीन. जपानमधील ओकायामा येथील कोराकुएन या जुन्या बागेच्या धर्तीवर ते केलेले आहे आणि त्या पद्धतीची बाग सावकाश फिरत, थांबत पाहण्यासाठीच असते. दर वळणावर समोरचे दृश्य बदलते. तळ्याकाठी माशांपाशी काका अर्धा तास रमतील. तिथे तिकीट आहे, पण ते अगदी किरकोळ.

धागाकर्ती: पाच आठवड्यांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

टाच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवली. निदान वर लिहिले तेच निघाले आणि पंचाचा व्यायामही त्यांनी तोच सांगितला. सकाळची कळ पूर्ण गेलेली नाही, पण कपाटाला धरावे लागत नाही. घड्याळातील आकडा मुलाशी बोलून सहा हजारांवर आणला. त्याला आधी पटत नव्हते, तेव्हा इथला प्रतिसाद वाचून दाखवला. दोन्ही जेवणांनंतर आम्ही दोघे वाहनतळात बारा फेऱ्या मारतो आणि आता तळमजल्यावरच्या आजीही आमच्याबरोबर चालतात.

यजमानांनी वही केली आहे. डावीकडे घराचे नाव जसे लिहिले आहे तसेच उतरवायचे, उजवीकडे अक्षरे कशात घडवली आहेत ते. त्र्याहत्तर नावे झाली, त्यांतील ‘मातृछाया’ पाच. एका बंगल्याबाहेर लिहून घेताना आतील गृहस्थ बाहेर आले. कोणीतरी पाळत ठेवते आहे असे त्यांना वाटले की काय, अशी मला धास्ती वाटली. परंतु वही पाहून त्यांनी आम्हाला व्हरांड्यात बसवले आणि ती अक्षरे त्यांच्या वडिलांनी स्वतः खडूने आखून गवंड्याकडून उठवून घेतली होती, ते सांगितले. ते घरही आता पुनर्विकासाला जाणार आहे. पाटीचे पुढे काय करावे, असे त्यांनी यांना विचारले. यांनी उत्तर दिले नाही, मात्र दुसऱ्या दिवशी पातळ कागद आणि पेन्सिल घेऊन गेले आणि त्या अक्षरांचा ठसा घासून उतरवून आणला.

तळजाईला दोनदा जाऊन आलो. तांबट ऐकला, अजून दिसलेला नाही. तो पानांआड नेमका कोणत्या उंचीवर बसतो, हे जाणकारांनी सांगितले तर बरे होईल. गुरुवारी पुन्हा जाणार आहोत.