हामटा पास: आईला घेऊन जायचंय, विरळ हवेबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन हामटा पास (हिमाचलात मनालीजवळची खिंड) करायचा विचार आहे. आई ५७ वर्षांची. रक्तदाबाची एक गोळी रोज चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. गेल्या दोन वर्षांत तिने राजगड आणि कळसूबाई केलंय, चालायला लागली की मलाच मागे टाकते. त्यामुळे तिच्या पायांची काळजी नाही. काळजी हवेची आहे, आणि त्याला कारण माझा गेल्या वर्षीचा अनुभव. तो जरा सविस्तर लिहिते.

गेल्या वर्षी मी एका ग्रुपबरोबर हाच ट्रेक केला. दिल्लीहून रात्रीच्या बसने निघालो, सकाळी मनालीला उतरलो, नाश्ता केला आणि त्याच दिवशी गाडीने जोब्रा, तिथून चालत चिका, म्हणजे ट्रेकचा पहिला मुक्काम. दिल्ली समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर, मनाली साधारण २०५० आणि चिका ३१०० च्या आसपास. म्हणजे मनालीत बसमधून पाय खाली ठेवला तेव्हाच मी कळसूबाईच्या (१६४६ मीटर) चारशे मीटर वर होते, आणि त्याच रात्री आणखी हजार मीटर वर झोपले. तेव्हा हे डोक्यातही आलं नाही. भूर्जाची झाडं, राणी नाल्याचा आवाज, हिरवीगार कुरणं... मी नुसती खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी बालू का घेरा, सुमारे ३६०० मीटर. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं, जेवण नकोसं झालं. लीडर प्रत्येकाला विचारत होता, "सब ठीक?" मी हो म्हणाले. खरं सांगितलं तर खाली पाठवतील ही भीती होती. तिसऱ्या दिवशी खिंड, ४२७० मीटर. वर पोचल्याचं मला धूसर आठवतं. समोर इंद्रासन दिसत होतं, ते मी नंतर फोटोत पाहिलं.

त्या रात्री पलीकडे शिया गोरूच्या तंबूत दोनदा उलटी झाली. सकाळी बुटाची नाडी बांधायला बसले आणि बांधता येईना. दोन्ही टोकं हातात होती, बोटं गार पडलेली नव्हती, पण पुढे काय करायचं तेच सुचेना. एक फास करायचा, दुसरं टोक त्यावरून घ्यायचं, हे इतकं साधं, आणि चार वेळा करून हातात नुसत्या दोन दोऱ्या. स्वयंपाकाच्या तंबूतला एक मुलगा पाहत होता. तो आला, माझ्यासमोर गुडघ्यावर बसला, नाडी बांधली आणि मग लीडरला जोरात हाक मारली. माझी सॅक काढून घेऊन दोघांनी धरून मला छत्रूला उतरवलं. छत्रू ३३५० च्या आसपास. दुपारी डोकं उतरलं, संध्याकाळी सडकून भूक लागली.

घरी आल्यावर वाचलं की हाताला साधं काम न जमणं, सरळ रेषेत चालताना झोक जाणं ही मेंदूला सूज येत असल्याची खूण असू शकते. आईला मी यातलं अर्धंच सांगितलंय.

आता प्रश्न. या वर्षीही ग्रुपचा कार्यक्रम तसाच आहे: पहिल्या दिवशी मनालीहून चिका, मग बालू का घेरा, खिंड ओलांडून शिया गोरू, चौथ्या दिवशी छत्रूला उतरून लगेच गाडीने चंद्रताल (उंचावरचं सरोवर) आणि तिथेच मुक्काम. मी जादा दिवस धरायला तयार आहे, पण ते नेमके कुठे घालावेत? मनालीत, चिकाला की बालू का घेराला? दुसरं, रक्तदाबाच्या गोळीबरोबर डायमॉक्स (विरळ हवेचा त्रास टाळायची गोळी) चालते का? आमच्या डॉक्टरांनी "चालेल" म्हटलंय, पण त्यांना नेमकं काय विचारायला हवं होतं ते मला आत्ता कळतंय. आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त छळतंय: मागे फिरायचं तर शेवटची जागा कोणती? खिंड ओलांडल्यावर काही झालं तर खाली उतरायला वाट कशी आहे?

हा ट्रेक रद्दच करा असं कोणाचं प्रामाणिक मत असेल तर तेही सांगा, वाईट वाटणार नाही.

प्रतिसाद १

ताई, अनुभव मोकळेपणाने लिहिलात, फार बरं केलंत. नाडीचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला.

ट्रेक रद्द करू नका, कार्यक्रम बदला. तुमचेच आकडे पुन्हा पाहा. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा संकेत आहे. चिका ते बालू का घेरा पाचशे, तिथून शिया गोरू (साधारण ३९००) तीनशे. म्हणजे वरचे टप्पे नियमात बसतात. घात झाला तो पहिल्या चोवीस तासांत, दिल्ली ते चिका. बालू का घेराला दुखलेल्या डोक्याचं बी चिकाच्या आधीच पेरलं गेलं होतं.

म्हणून मनालीत दोन रात्री काढा. एक दिवस नुसता लोळून घालवू नका, वर कुठेतरी चालून या आणि झोपायला खाली या. मग चिकाला दोन रात्री. मधल्या दिवशी बालू का घेराच्या वाटेने दोन-अडीच तास वर चढा आणि परत चिकाला झोपा. बालू का घेराला एखादा दिवस हाताशी ठेवलात तर तो हवामानासाठी उपयोगी पडेल. खिंडीत पाऊस किंवा बर्फ असेल तर थांबता आलं पाहिजे.

मागे फिरायची शेवटची जागा बालू का घेराच. तिथून आल्या वाटेने एका दिवसात जोब्राच्या गाडीरस्त्याला लागता येतं. त्याच्या पुढे गेलात की पलीकडचा पहिला मुक्काम खिंडीपेक्षा फक्त साडेतीनशे-चारशे मीटर खाली आहे. लोक समजतात पास झाला म्हणजे उंची संपली. तसं नाही, ट्रेकमधली सगळ्यात उंचावरची रात्र शिया गोरूचीच. त्यामुळे बालू का घेराला डोकं दुखत असेल तर पुढे पाऊल टाकायचं नाही, मग ते थोडं का दुखत असेना.

आणि चंद्रतालचा मुक्काम या वेळी सोडा. छत्रूला उतरून शरीर जरा सावरतं तोच गाडी तुम्हाला पुन्हा ४२०० च्या वर नेते, झोपायला. जुलै २०२३ मध्ये तिथे ऐन उन्हाळी हंगामात बर्फ पडून अडीचशेच्या वर पर्यटक अडकले होते. चंद्रतालला जाणारा बातलकडचा तो रस्ता आजारी माणसाला घेऊन घाईने परत येण्याजोगा नाही.

प्रतिसाद २

मी डॉक्टर आहे आणि ट्रेकही करतो. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण त्यांना हे चार प्रश्न विचारा. आईंच्या गोळीत लघवी वाढवणारा घटक आहे का? डायमॉक्सनेही लघवी वाढते, दोन्ही मिळून शरीरातलं पाणी आणि क्षार कमी होऊ शकतात. ती गोळी नाडीचा वेग रोखणारी आहे का? तसं असेल तर चढावर हृदयाला वेग घ्यायला मर्यादा येते. सल्फा औषधांची ॲलर्जी कधी आली आहे का? डायमॉक्स त्याच घराण्यातलं आहे. आणि मूत्रपिंडाची तपासणी अलीकडे झाली आहे का?

प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढाईच्या आदल्या दिवसापासून. डॉक्टरांनी हो म्हटलं तर घरी असतानाच दोन दिवस घेऊन पाहा. बोटांना मुंग्या येतात, सारखं लघवीला जावं लागतं. हे पहिल्यांदा तंबूत कळलं तर माणूस घाबरतो. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, डायमॉक्स ही वर चढत राहायची परवानगी नव्हे.

ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) न्या, पण त्याच्या आकड्यावर विसंबू नका. खिंडीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो, तिथे निरोगी माणसाचाही आकडा ऐंशीच्या घरात दिसतो. बोटं गार असली की तो आणखी फसवतो. त्यापेक्षा रोज सकाळ-संध्याकाळ आईंना चार गोष्टी विचारा: डोकं, भूक किंवा मळमळ, थकवा, गरगरणं. मग टाचेला बोट लावत सरळ दहा पावलं चालायला लावा. तोल गेला तर उजाडायची वाट पाहायची नाही, खाली उतरायचं. बसल्या जागी धाप लागत असेल किंवा खोकल्याबरोबर गुलाबी फेस पडत असेल तरी तेच. आणि हे तुम्हीही करा. एकदा ज्याला त्रास झाला त्याला पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते. तुमच्या धाग्यात सगळी काळजी आईंची आहे, धोका मात्र मला तुमच्या बाजूला जास्त दिसतो.

प्रतिसाद ३

फक्त खाली उतरायच्या वाटेबद्दल. पूर्वी छत्रूहून मनालीला यायचं तर रोहतांग (३९७८ मीटर) चढूनच यावं लागे, म्हणजे आजाऱ्याला पुन्हा वर न्यायचं. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला, ९.०२ किलोमीटरचा. आता छत्रू, ग्रामफू, कोकसर आणि बोगद्यातून थेट मनाली, वाटेत मोठा चढ नाही. छत्रूला चंद्रतालची गाडी ठरवण्याऐवजी मनालीची ठरवून ठेवा, आणि ती दुपारी नव्हे तर सकाळपासून तिथे उभी राहील असं बघा.

तुमच्या आईंना खिंडीपलीकडचं लाहौल दाखवाच. घाटमाथ्यावरून देशावर उतरताना पाऊस मागे राहतो ना, तसंच आहे, फक्त इथे ते एका खिंडीत घडतं. अलीकडे हिरवंगार, पलीकडे झाड नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, तुमचं शेवटचं वाक्य वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. खरं आहे, मी स्वतःचा विचारच केला नव्हता.

काल आईला बसवून सगळं सांगितलं, नाडीसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "त्या मुलाचं नाव काय?" मला माहीत नव्हतं. म्हणाली, जाशील तेव्हा शोध.

तर आता असं ठरलंय: मनालीत दोन रात्री, चिकाला दोन, बालू का घेराला एक दिवस राखीव, चंद्रतालचा मुक्काम रद्द. ग्रुपचा ठरलेला कार्यक्रम सोडून आम्ही दोघी, एक गाइड, एक स्वयंपाकी आणि सामानाला खेचरं असं जाणार. खर्च वाढतोय, पण कोणी मागे फिरलं तर बाकीच्यांचा खोळंबा नको. बालू का घेराला दोघींपैकी कोणाचंही डोकं दुखलं तर दोघीही खाली, हे गाइडलाही आधीच फोनवर सांगितलंय. डॉक्टरांकडे ते चार प्रश्न घेऊन सोमवारी जातेय.

एक शंका उरली आहे. छत्रूच्या आधीचा ओढा. गेल्या वर्षी तो मी दोघांच्या आधाराने पार केला, पाणी गुडघ्याच्या वर होतं आणि पाय इतके बधिर झाले की तळाचे दगड जाणवेनात. सकाळी लवकर गेलं तर वितळणारं पाणी कमी असतं हे माहीत आहे. पण आईने तो बूट घालूनच पार करावा, सँडल घालून की नुसत्या जाड मोज्यांवर? ज्यांनी सप्टेंबरमध्ये केलाय त्यांनी कृपया सांगा.