लेंटमध्ये रोज वीस मिनिटं देवापुढे गप्प बसायचं आहे, दोन खोल्यांच्या घरात कसं जमवावं?

लातूरवाली
जय ख्रिस्त. लेंट म्हणजे ईस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस. २०२७ मध्ये त्याची सुरुवात, राखेचा बुधवार, १० फेब्रुवारीला आहे, ईस्टर २८ मार्चला. यंदाच्या लेंटमध्ये मटण, चहा सोडण्यापेक्षा रोज वीस मिनिटं देवापुढे नुसतं शांत बसायचं ठरवायले. मागणं नाही, गीत नाही, तोंडानं प्रार्थना नाही. अडचणी आधीच सांगते. दोन खोल्या, माणसं सहा. पोरीची बारावीची परीक्षा नेमकी याच दिवसांत. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही कधी पहाटे चारला, कधी सहाला. त्यात मंडळीच्या (चर्चच्या) घरोघरच्या लेंट प्रार्थना रात्री दहापर्यंत चालतात. वेळ कोणती धरावी? बसून नेमकं करायचं काय? आणि मध्येच दिवस चुकला तर चाळीसचा हिशेब कसा लावायचा?

गोदाकाठ
ताई, आधी हिशेब, कारण बहुतेक जण तिथंच मोडतात. १० फेब्रुवारी ते २७ मार्च, म्हणजे पवित्र शनिवारपर्यंत, मोजून ४६ दिवस भरतात. त्यातले ६ रविवार काढले की ४०. रविवार पुनरुत्थानाचा, म्हणून तो उपवासात धरत नाहीत. त्या दिवशी घरी बसायची सक्ती ठेवू नका. उपासनेच्या दहा मिनिटं आधी देवळात जाऊन बाकावर गप्प बसलात तरी झालं.

दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसू नका. ते उधारीसारखं होतं. दोन दिवस साठले की तिसऱ्या दिवशी बसायचीच भीती वाटते आणि चौथ्या दिवशी सगळंच सुटतं. चुकला तो चुकला. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी ठरलेलीच मिनिटं.

आणि वीसपासून सुरुवात नको, हे मी आग्रहानं सांगेन. बुधवार ते शनिवार हे पहिले चार दिवस फक्त पाच मिनिटं. मग दोन आठवडे दहा, पुढचे तीन आठवडे पंधरा, आणि २१ मार्चच्या झावळ्यांच्या रविवारनंतर पवित्र आठवड्यात वीस. पहिली चार-पाच मिनिटं शरीर स्थिर व्हायलाच जातात. साधारण दहाव्या मिनिटाला चुळबुळ सुरू होते: गॅस बंद केला का, डबा कोण भरणार. नवा माणूस तिथंच उठतो आणि आपल्याला जमत नाही असं ठरवून टाकतो. ती चुळबुळ मात्र सगळ्यांनाच होते. चौथ्या शतकात मिसरच्या (इजिप्तच्या) वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियस नावाच्या संन्याशानं तिला दुपारचा सैतान म्हटलं आहे: ऊन हलत नाही, दिवस सरत नाही, खोलीबाहेर पळावंसं वाटतं. त्यावर त्या लोकांचा उपाय एकच होता, खोली सोडू नको.

वेळ घड्याळावर बांधू नका, कामावर बांधा. तोंड धुतलं की लगेच, चहाचं आधण ठेवायच्या आधी. मग चारला उठा नाहीतर सहाला, जागा तीच राहते. मोबाईल त्याआधी हातात घ्यायचा नाही. एकदा व्हॉट्सॲप उघडलं की ते सगळे निरोप तुमच्याबरोबर प्रार्थनेला बसतात.

वाकळ_आणि_पाट
बसण्याबद्दल कुणी सांगत नाही आणि निम्मे लोक गुडघ्यांपायी सोडतात, म्हणून लिहिते.

जुनी वाकळ घ्या, घडी करून चार बोटं उंची होईल एवढी. ती मांड्यांखाली सरकवू नका, फक्त बैठकीखाली, आणि बसायचं घडीच्या पुढच्या कडेवर. कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी वर आली की पाठ आपोआप सरळ राहते. सपाट सतरंजीवर बसलं की कंबर मागं ढळते, माणूस कुबड काढतो, श्वास उथळ होतो आणि पाचव्या मिनिटाला पेंग येते. पायाला मुंग्या येतात त्या पायाची नस दाबली गेल्यामुळं. घोट्याखाली दुमडलेला टॉवेल ठेवा, आणि आल्याच तर शांतपणे पाय बदला, त्यात काही बिघडत नाही. गुडघे दुखत असतील तर प्लॅस्टिकची खुर्ची बरी, फक्त पाठ टेकायची नाही आणि दोन्ही तळवे जमिनीला लागले पाहिजेत.

बाजेवर किंवा अंथरुणावर बसू नये, शरीराला ती झोपायची जागा म्हणूनच माहीत आहे. झोप येत असेल तर डोळे अर्धे उघडून दोन हातांवरच्या फरशीच्या एकाच ठिपक्याकडे बघा. तरीही रोज झोपच येत असेल तर ती भक्तीची कमतरता नाही, झोपेची आहे. घरोघरच्या प्रार्थना असतील त्या दिवशी पहाटेचा हट्ट सोडा आणि सकाळी अकराच्या सुमारास, जेवणाआधी बसा. दुपारी जेवून बसू नका. मार्चमधलं आपल्याकडचं ऊन आणि भरलेलं पोट, दोन्ही मिळून आडवं करतात.

मिनिटं मोजायला मोबाईलच लागत असेल तर विमान मोडवर टाका, मंद घंटेचा आवाज लावा आणि तो पालथा, हात पुरणार नाही इतका लांब ठेवा. समोर भिंतीवरचं घड्याळ असेल तर त्याच्याकडे पाठ करा.

स्तोत्र_१३१
बसून करायचं काय, त्याबद्दल. नुसतं गप्प बसा असं सांगितलं की मन बाजारात जातं. त्याला धरायला काहीतरी द्यावं लागतं.

दोन रीती आहेत आणि लोक त्या मिसळतात, म्हणून गोंधळ होतो. पहिलीत एकच शब्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत मनात म्हणत राहायचा. जॉन मेन या बेनेडिक्टाइन संन्याशानं यासाठी ‘मारानाथा’ हा शब्द सुचवला. बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी, १६:२२ मध्ये तो आहे. अरामी भाषेतला आहे, अर्थ ‘प्रभू, ये’. मा-रा-ना-था, चारही अक्षरं सारख्या लांबीची म्हणायची. दुसरी रीत १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या ट्रॅपिस्ट (मौनावर भर देणाऱ्या कॅथलिक संन्याशांच्या) मठातून आली. तिच्यात शब्द सतत म्हणत नाहीत. मन एखाद्या विचाराच्या मागं गेलं असं लक्षात आलं की तेवढ्यापुरता तो हळूच आठवायचा आणि सोडून द्यायचा. तिथं वीस मिनिटं दिवसातून दोनदा सांगतात. तुमच्या घरात पहिली रीत सोपी जाईल, कारण आवाज चालू असतानाही शब्द हातात राहतो. कुठलीही घ्या, पण चाळीस दिवस एकच. शब्दही बदलू नका. आज ‘येशू’, उद्या ‘अब्बा’ केलं की शब्द निवडण्यातच वेळ जातो.

जुन्या प्रार्थनेवर मन बसत असेल तर ‘प्रभू येशू ख्रिस्ता’ श्वास घेताना आणि ‘मज पाप्यावर दया कर’ सोडताना. श्वास लांबवू नका, तो येतो तसा येऊ द्या. मुद्दाम लांबवला की गरगरतं.

मन किती वेळा भटकलं ते मोजू नका. दहा मिनिटांत पन्नास वेळा भटकलं आणि पन्नास वेळा परत आणलं, तर प्रार्थना पन्नास वेळा झाली. विचार थोपवायला गेलात तर डोकं दुखेल.

बसण्याआधी थोडं वचन वाचा, दोन मिनिटं पुरेत. पश्चात्तापाची सात स्तोत्रं परंपरेनं ठरलेली आहेत: ६, ३२, ३८, ५१, १०२, १३० आणि १४३. बुधवारचा अर्धा आठवडा धरून लेंटचे आठवडेही सातच होतात. प्रत्येक आठवड्याला एक स्तोत्र, रोज त्यातल्या तीन-चार ओळी. १०२ आणि ३८ लांब आहेत, ते पुरवून वाचा. शेवटी, उठताना, आमच्या स्वर्गातील पित्या सावकाश म्हणायचं. झटकन उठलात तर चिडचिड होते आणि ती पहिल्यांदा समोर येईल त्या पोरावर निघते.

बीडकर
एक शंका. आमच्याकडे काही जण म्हणतात, हे ध्यान-विपश्यनेतलं आहे, आपल्यात नाही.

स्तोत्र_१३१
दादा, शंका रास्त आहे. विपश्यनेत श्वास आणि शरीरातल्या संवेदनांकडे बघतात, इथं एका व्यक्तीपुढं बसायचं असतं. मन रिकामं करायचं नाही, ते प्रभूकडे वळवायचं. मार्क १:३५ मध्ये येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात गेला. मत्तय ६:६ मध्ये खोलीत जाऊन दार लावायला सांगितलं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला कॅसियन नावाच्या संन्याशानं मिसरी मठवासींची जी शिकवण लिहून ठेवली, तिच्यातही एकच वचन सतत मनात धरायला सांगितलं आहे, स्तोत्र ७० चं पहिलं. आणि माझं नाव ज्यावरून आहे ते स्तोत्र १३१ वाचा, तीनच ओव्यांचं आहे. दूध तुटलेलं बाळ आईजवळ शांत बसतं, तसा माझा जीव शांत आहे. दूध पाहिजे म्हणून नाही, आई आहे म्हणून. मला तरी याहून नेमकं वर्णन सापडलेलं नाही.

लातूरवाली
सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. पाणी आलं त्या दिवशी? आणि घरच्यांना सांगायचं का? मत्तय सहामध्ये तर दाखवू नका म्हटलंय.

गोदाकाठ
दाखवू नका म्हणजे मिरवू नका. न सांगता कोपऱ्यात बसलात तर दार वाजणारच, आणि मनात राग धरून बसाल. एकदाच सांगा: आधणाच्या आधी मी बसेन तेवढी मिनिटं मला हाक मारू नका, दूधवाला आला तर पोरीनं घ्यावं. तिच्या परीक्षेच्या दिवशी मात्र तिचं आधी. डबा देऊन ती बाहेर पडली की मग बसा.

पाण्याच्या दिवशी हंडे भरायचे, शांत बसायचं राहू द्या. मोटार चालू असताना डोळे मिटून बसलात तर कान टाकीकडेच लागणार. टाकी भरेपर्यंत तुमचा तोच शब्द मनात चालू ठेवा आणि मोटार बंद केल्यावर तिथंच पायरीवर पाच मिनिटं टेका. कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा, तो दिवस धरला जातो. कॅलेंडरवर एवढीच खूण, बसले की नाही. कसं वाटलं ते लिहू नका. लिहायला लागलं की चांगलं वाटलेल्या दिवसाची वाट बघणं सुरू होतं.

वाकळ_आणि_पाट
मोटारीजवळची पायरी ओली असते ताई, पाट टाका.