दुर्मिळ ग्रंथांच्या कॅटलॉगिंगचा पाच दिवसांचा कोर्स: जाण्याआधी तयारी काय करावी?

दर्यापूरकर_ग्रंथपाल
नमस्कार मंडळी. आमचं ग्रंथालय तालुक्याच्या गावचं, क वर्गातलं. एका कपाटात जुन्या आडव्या पोथ्या, शिळाछाप (दगडी शिळेवरून छापलेली) पुस्तकं, निर्णयसागर छापखान्याच्या जुन्या प्रती आणि दोन-तीन बाडं (बांधलेली हस्तलिखितं) आहेत. दाखल नोंदवहीत त्यांच्यापुढे फक्त "जुनी पोथी" एवढंच लिहिलेलं. बी.लिब. झालं आहे, एएसीआर-२ (नोंदीचे नियम) आणि ड्यूई (वर्गीकरण) येतं. आता पाच दिवसांच्या ऑनलाइन कोर्सला नाव दिलं, पण अभ्यासक्रमातली सगळी उदाहरणं इंग्रजी-लॅटिन पुस्तकांची दिसतात. त्यातलं आपल्या कामाचं किती? आणि मुखपृष्ठ फाटलेल्या, शके घातलेल्या पोथीची नोंद नेमकी करायची कशी?

पोथी_रुमाल
भाऊ, या कोर्सचा साचा मूळ अमेरिकेतल्या रेअर बुक स्कूलचा. ते १९८३ साली कोलंबिया विद्यापीठात सुरू झालं आणि पुढे व्हर्जिनियाला गेलं. नियम बहुधा डीसीआरएम-बीचे, म्हणजे दुर्मिळ छापील ग्रंथांच्या नोंदींच्या नियमावलीचे शिकवतात. त्यातले दोन भेद पक्के झाले की निम्मा कोर्स वसूल.

पहिला भेद: पुस्तक काय म्हणतं आणि आपण काय म्हणतो. शीर्षकपानावर "कांहीं" छापलं असेल तर नोंदीतही "कांहीं"च. आजचं शुद्धलेखन तिथे लावायचं नाही. शोधणाऱ्याला सापडावं म्हणून आजचं रूप वेगळ्या पर्यायी शीर्षकात, म्हणजे मार्क २१ (संगणकातल्या नोंदीचा साचा) च्या २४६ क्रमांकाच्या रकान्यात द्या. पुस्तकात नसलेलं, तुम्ही ठरवलेलं काहीही चौकोनी कंसात. "उमरावती" छापलंय तर तसंच ठेवा आणि कंसात अमरावती लिहा. एलिचपूरचंही तेच, कंसात अचलपूर.

दुसरा भेद: आवृत्तीचं वर्णन आणि तुमच्या हातातल्या प्रतीचं वर्णन. पाने ११४ हे आवृत्तीचं. "या प्रतीत पान ३७ नाही, उधई लागून ९० ते ९६ ची समासं गेलेली" हे प्रतीचं; ते टिपेत जातं आणि सुरुवातीला "या प्रतीत" हे शब्द हवेतच. दोन्ही एकत्र झालं की पुढचा माणूस समजतो, ही आवृत्तीच अपुरी छापली होती. जुन्या याद्यांमध्ये हा घोळ सगळीकडे आहे.

मोजमाप: उंची सेंटिमीटरमध्ये, पुढच्या पूर्णांकावर नेऊन. २१.२ आलं तर २२. पोथी आडवी, रुंदी उंचीपेक्षा जास्त, म्हणून दोन्ही द्यायची, उंची आधी: १३ x ३१ सें.मी. पोथीत अंक पानाला एकच, बहुधा पानाच्या मागच्या बाजूला समासात. त्यामुळे "११४ पाने" लिहा, "२२८ पृष्ठे" करू नका. अंक नसलेली कोरी किंवा छापील पानं (समजा दोन) धरली तर [२], ११४ पाने.

मुखपृष्ठ, म्हणजे शीर्षकपान, नसेल तर "अथ … प्रारंभः" या ओळीवरून किंवा शेवटच्या "इति श्री …" वरून शीर्षक घ्या आणि कुठून घेतलं ते टिपेत सांगा. "श्रीगणेशाय नमः" शीर्षकात येत नाही. मंगलाचरण गाळायची मुभा नियमातच आहे, आणि गाळल्याची तीन टिंबंही द्यावी लागत नाहीत.

खिळे_आणि_शाई
वरचं सगळं बरोबर, पण त्याआधी वस्तू कोणती आहे ते ठरवा. शिळाछाप पोथी हस्तलिखित म्हणून दाखल झालेली विदर्भातल्या कितीतरी कपाटांत सापडेल. दिसायला हुबेहूब हाताने लिहिलेली, कारण शिळेवर उतरण्याआधी ती लेखनिकानेच लिहिलेली असते.

दहापट भिंग घ्या आणि मोबाइलचा टॉर्च पानाला जवळजवळ समांतर धरा. खिळ्यांनी (धातूच्या टाइपांनी) छापलेल्या पानावर मागच्या बाजूला अक्षराचे उठाव दिसतात, बोटालाही लागतात, आणि त्याच फाँटमधला "क" प्रत्येक ठिकाणी एकाच घाटाचा. शिळाछापात पान सपाट, काळेपणा सगळीकडे सारखा, पण "क" दर वेळी किंचित वेगळा. हस्तलिखितात बोरू शाईत बुडवल्यावर ओळ गडद होते आणि पुढे फिकट होत जाते. ही चढउतार शिळाछापात नसते. खात्री नसली तर दोन वेगवेगळ्या पानांवर बघा, एकावर निर्णय घेऊ नका.

कोर्समध्ये कागदाच्या घड्या, साखळीरेषा (हातकागदात साच्याच्या तारांनी उमटलेल्या रेषा), फोलिओ-क्वार्टो (घड्यांवरून ठरणारे आकार) यांवर बराच वेळ जाईल. शिकून घ्या, डोळा तयार होतो. पण ते हातछापाच्या काळासाठी, साधारण १८३० पर्यंत. मराठीत छपाई श्रीरामपूरला १८०५ च्या सुमारास सुरू झाली आणि तुमच्या कपाटातलं जवळपास सगळं गिरणीच्या कागदावरचं असणार. तिथे "आठपेजी" लिहायचा मोह नको, उंची पुरे. टाइपातल्या पुस्तकात मात्र दर ८ किंवा १६ पानांनी तळाशी बारीक आकडा असतो, तो जुळवून बघा. पुन्हा बांधताना फर्मे (घडी घातलेले छापील ताव) उलटेसुलटे लागलेले याच आकड्यांवरून कळतात.

शके_१९४७
तारखांचं मी सांगतो, सगळ्यात जास्त चुका इथेच.

शके अधिक ७८ म्हणजे इसवी सन, पण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत अधिक ७९. महिना दिलेला नसेल तर एकच साल ठोकू नका. शके १७७९ असेल तर [१८५७ किंवा १८५८]. संवत्सराचं नाव दिलं असेल तर ताळा करता येतो: शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी म्हणजे साठ संवत्सरांतल्या पहिल्या, प्रभवापासूनचा क्रमांक. १७७९ + १२ = १७९१, बाकी ५१, म्हणजे पिंगल. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. पोथीत "पिंगलनाम" नसून दुसरंच नाव दिसलं तर शकाचा एखादा आकडा तुम्ही चुकीचा वाचलाय. शिळाछापात १ आणि ९ फार फसवतात. हिंदी पोथ्यांवर विक्रम संवत येतो, त्यातून ५७ वजा. जानेवारी ते फाल्गुन ५६. मालकाच्या हस्ताक्षरातल्या नोंदीत फसली सन दिसला (वऱ्हाडात निजामशाहीमुळे दिसतोच) तर अधिक ५९०, आणि तो प्रकाशनाच्या जागी नाही, मार्कच्या ५६१ मध्ये, मालकीच्या टिपेत.

आता दोन सापळे. "हे पुस्तक सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे रजिस्टर केले आहे" असं वाक्य असेल तर १८६७ हे छपाईचं साल नाही, कायद्याचं आहे. ते पुढची कित्येक दशकं छापत राहिले. त्या वाक्यावरून एवढंच कळतं की पुस्तक १८६७ च्या आधीचं नाही. दुसरा सापळा: ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ येतो. तो रचनेचा काळ. प्रतीचा लेखनकाळ त्याच्याही पुढे, पुष्पिकेत (लेखनिकाच्या समाप्तीच्या मजकुरात), त्याच्या नावाजवळ शोधा. तिथेही जपून, कारण काही लेखनिक आधीच्या प्रतीची पुष्पिका जशीच्या तशी उतरवतात.

दर्यापूरकर_ग्रंथपाल
खूप उपयोगाचं झालं जी. एका बाडातलं एकही अक्षर लागत नाही. देवनागरीसारखं दिसतं, पण शब्द जुळत नाहीत. आणि या पोथ्यांवर ग्रंथालयाचा शिक्का मारायचा का?

पोथी_रुमाल
मोडी नसेल तर सकळ लिपी असू शकते, महानुभावांची सांकेतिक लिपी. आपल्या भागात असं बाड निघणं नवल नाही, महानुभावांचं रिद्धपूर जवळच आहे. स्वतः वाचायच्या नादाला लागू नका. पहिलं पान, मधलं एक आणि शेवटचं, मोजपट्टी बाजूला ठेवून फोटो काढा आणि महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकाला दाखवा. तोवर नोंदीत "लिपी: अनिश्चित, सकळ असावी" लिहा. बाडांना डीसीआरएम-बी लागू नाही, ते छापील ग्रंथांपुरतं. त्यांच्यासाठी राष्ट्रीय पांडुलिपी (हस्तलिखित) मिशनचा नोंदतक्ता वापरा. त्यात साहित्य, ओळी प्रति पान, अक्षरं प्रति ओळ, पुष्पिका, अवस्था हे रकाने तयार मिळतात.

शिक्का नको, शाईचं पेनही नको. दाखल क्रमांक मऊ पेन्सिलने शेवटच्या पानाच्या मागे, कोपऱ्यात. फाटलेल्या ठिकाणी सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद कागदात उतरतो आणि डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन तर अजिबातच नाही.

खिळे_आणि_शाई
कोर्सच्या आधी एवढंच करा: कपाटातून पाच नग निवडा, शक्यतो एक शिळाछाप पोथी, एक टाइपातलं पुस्तक, एक मुखपृष्ठ गेलेलं, एक दोन ग्रंथ एकत्र बांधलेलं आणि एक ज्यावर जुन्या मालकांच्या सह्या आहेत असं. त्यांच्या नोंदी आत्ताच कच्च्या लिहून ठेवा आणि शिकवणाऱ्यासमोर तीच उदाहरणं टाका. सुरुवातीला एका नगाला तास-दीड तास लागला तर घाबरू नका. दोन ग्रंथ एकत्र बांधलेले असतील तर नोंदी दोन, आणि प्रत्येकीत "यासोबत बांधलेले" अशी टीप. दाखल क्रमांक मात्र आधी एकच दिला असेल तर तो बदलू नका, नाहीतर ऑडिटला नोंदवही जुळणार नाही.