टर्मिनलमध्ये जोडाक्षरं तुटतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती वापरते. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, मजकूर शोधायला रिपग्रेप, फाइल निवडायला एफझेडएफ, आणि कंट्रोल-आर दाबून जुनी कमांड परत आणायची सवय तर आता सुटणारच नाही!

अडचण एकच. आईच्या पाककृती मी मराठी नावांनी साठवल्यात. फाइल मॅनेजरमध्ये ‘खव्याच्या पोळ्या’, ‘कोथिंबीर वडी’ अगदी स्वच्छ दिसतं, टर्मिनलमध्ये मात्र वेलांट्या सुट्या पडतात, जोडाक्षरं फुटतात. नोटो सान्स देवनागरी फॉन्ट आहे, लोकॅल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ आहे, शोधही बरोबर लागतो. बिघडतं ते फक्त दिसणं.

कॉन्सोल हे दुसरं टर्मिनल टाकून फरक पडेल का? ते केडीई या वेगळ्या डेस्कटॉपचं आहे, सोबत त्याची बरीच पॅकेजं येतील म्हणून थांबलेय. रोज मराठी फाइलनावं हाताळणाऱ्यांनी कृपया सांगा, तुम्ही कोणतं टर्मिनल वापरता?