विंडोज पुन्हा टाकण्याआधी तार तपासा

विंडोज ९८ वर फोनलाइनवरून (डायल-अप) इंटरनेट जोडताना ६८० क्रमांकाची एरर येते आणि कधी कनेक्शन लागलंच तर काही मिनिटांत तुटतं, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या प्रश्नाखाली एक-दोघांनी विंडोज पुन्हा टाकायला सांगितलंय, पण कृपया एवढ्यात तसं करू नका. ६८० म्हणजे मोडेमला (कॉम्प्युटर फोनलाइनला जोडणाऱ्या यंत्राला) डायल टोन, म्हणजे फोन उचलल्यावर ऐकू येणारा सूर, मिळत नाही. त्यात विंडोजचा दोष क्वचितच असतो.

मोडेमच्या मागे बहुधा सारखीच दिसणारी दोन भोकं असतात, 'लाइन' आणि 'फोन'. भिंतीकडून येणारी तार 'लाइन'मध्येच हवी. ही अदलाबदल फार जणांकडून होते. मग तीच तार साध्या फोनला लावून टोन ऐका. खरखर असेल तर कनेक्शन तुटण्याचं कारणही बहुतेक तेच. टोन स्वच्छ असूनही ६८० येत असेल तर मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये डायल टोनची वाट पाहण्याच्या पर्यायावरची टिक काढा. काही लाइनींचा टोन मोडेमला ओळखताच येत नाही.

तुटण्याबद्दल मला पहिला संशय कॉल वेटिंगचा आहे. मधेच आलेल्या कॉलची 'टुक' मोडेमचा कॅरियर, म्हणजे जोडणी टिकवणारा सततचा सिग्नल, तोडू शकते, म्हणून ती सेवा बंद करून बघा. त्याच लाइनवरचे समांतर फोनही काढून ठेवा.

एवढं करूनही तुटलं तर वेग मुद्दाम कमी करा. ५६ के (सेकंदाला ५६ किलोबिट) मोडेम ३३.६ के वर बांधला की खराब लाइनवरही बराच टिकतो. मी स्वतः हळू पण न तुटणारं कनेक्शनच पसंत करीन.

हायपरटर्मिनलमध्ये (मोडेमला थेट आज्ञा देता येणारा विंडोजमधला प्रोग्राम) 'एटी' (AT) टाइप करून एंटर दाबल्यावर 'ओके' (OK) येतं का, म्हणजे मोडेम उत्तर देतो का, तेवढं कळवा.