अल-उलाची सायकल शर्यत: टिकणार, की कतारच्या वाटेने जाणार?

कडेकपारी (धागाकर्ता)

सौदी अरेबियाने फेब्रुवारी २०२० मध्ये रियाधच्या आसपास पहिली सौदी टूर भरवली. २०२१ कोरोनात गेले. २०२२ पासून शर्यत वायव्येकडच्या अल-उलाला हलली आणि २०२४ मध्ये तिचे नावच अल-उला टूर झाले. पाच टप्पे, यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेचा २.१ दर्जा (सर्वोच्च पातळीच्या दोन पायऱ्या खाली), आयोजनात टूर द फ्रान्सवाली एएसओ. माझे मत स्पष्ट आहे: ही शर्यत फार वर्षे चालणार नाही.

कारण कतार. तिथली टूर २००२ ते २०१६ चालली. तिथेही एएसओच होती, बेल्जियमचा टॉम बोनेनसारखा दिग्गज चार वेळा जिंकला होता, ऑक्टोबर २०१६ मध्ये दोहाला जागतिक अजिंक्यपद शर्यत झाली आणि २०१७ साठी वर्ल्ड टूरचा, म्हणजे सर्वोच्च पातळीचा दर्जाही मिळाला. त्याच डिसेंबरात प्रायोजक नाहीत म्हणून शर्यत रद्द झाली.

रस्त्यावरच्या शर्यतीला तिकीट नसते आणि छोट्या शर्यतीला प्रक्षेपणातून फारसे पैसे मिळत नाहीत. बेल्जियममध्ये नगरपालिका, गावातला कारखाना, स्थानिक क्लबचे स्वयंसेवक असे अनेक हात शर्यत उचलून धरतात. एक सुटला तर दुसरा असतो. वाळवंटात देणारा हात एकच, सरकारी. त्याचा विचार बदलला की संपले. दुबई टूर आणि अबू धाबी टूर या दोन स्वतंत्र शर्यतींची २०१९ मध्ये एकच यूएई टूर झाली, तो निर्णयही वरूनच आला.

चौतीसदाती

असहमत. कतारशी तुलना भूगोलापाशीच अडते. कतारची सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटर. अल-उलाच्या डोक्यावर हर्रत उवैरिदचे लाव्हाचे पठार आहे आणि तिथे चढणारा घाट सुमारे ३ किमी, सरासरी १२ टक्के. ४०० वॉट देणारा ६५ किलोचा खेळाडू तिथे ताशी १६ किमीच्या आसपास जातो, म्हणजे अकरा-बारा मिनिटांचे काम. तीव्र तुकड्यांवर वेग १०-११ वर येतो, आणि पुढे ४० व मागे ३४ दातांचा हलका गिअर असूनही पाय मिनिटाला सत्तरच्या वर फिरत नाहीत. मागे ३० लावून आलेला तिथेच अडकतो.

शिवाय घाट संपला की शर्यत संपत नाही. पुढे पठारावर काही किलोमीटर उघड्या वाऱ्यात काढायचे असतात. एकटा सुटलेला गडी तिथे सापडू शकतो, म्हणून चढावर कुठे जोर लावून सुटायचे हे आधी ठरवावे लागते. विजेत्यांची यादीच पाहा. रियाधच्या सपाटीवर २०२० मध्ये फिल बाउहाउस हा स्प्रिंटर (सपाटीवर शेवटच्या वेगवान धावेत जिंकणारा) जिंकला. अल-उलात मॅक्सिम व्हान गिल्स, रुबेन गेरेरो, सायमन येट्स आणि २०२५ मध्ये टॉम पिडकॉक.

ओमानची टूर २०१० पासून आहे. २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षे बुडूनही ती २०२२ मध्ये परत उभी राहिली. तिथे ग्रीन माउंटनचा ५.७ किमीचा, साडेदहा टक्क्यांचा चढ आहे. ज्या शर्यतीकडे स्वतःचा घाट आहे तिला ओळख असते.

आडवावारा

घाट नाही म्हणजे शर्यत नाही, हे मान्य नाही. दोहाची २०१६ ची अजिंक्यपद शर्यत २५७ किमीची, संपूर्ण सपाट, आणि तरी वाळवंटातल्या आडव्या वाऱ्याने ती निम्मे अंतर होण्याआधीच फाडली. पुढे साधारण पंचवीस जण उरले. बेल्जियमने एका वळणानंतर सगळे मिळून जोर लावला होता. शेवटी सागान, कॅव्हेंडिश, बोनेन या क्रमाने आले.

हे कसे घडते ते नीट समजून घ्या. वारा डावीकडून असेल तर पुढचा खेळाडू रस्त्याची डावी कड धरतो आणि बाकीचे त्याच्या उजवीकडे अर्धे चाक मागे, अशी तिरकी रांग होते. ७ मीटरच्या रस्त्यावर अशा रांगेत दहा-बारा जण मावतात. एक ओळ पुढे सरकते आहे, दुसरी मागे येते आहे अशी फिरती ठेवली तर वीसेक. त्यानंतरचा माणूस उजव्या कडेला, रस्ता संपतो तिथे. त्याला कुणाचाच आडोसा नाही. तो पाच मिनिटे दम काढतो, मग त्याच्या पुढे फट पडते आणि मागचे सगळे त्याच्यासोबत तुटतात. म्हणून वळणाच्या २-३ किमी आधीच संघाने सातही जण पुढे आणायचे. वळणावर जो तिसाव्या जागी असतो त्याचा दिवस बहुधा तिथेच संपतो.

अल-उलात दोन्ही आहे. वालुकाश्माच्या कड्यांमधून रस्ता जातो तोवर आडोसा, दरी उघडली की वारा अंगावर. ७० मिमीच्या खोल रिमचे पुढचे चाक तिथे हातातून ओढले जाते. पुढे ४०-५० मिमीचे चाक लावणे शहाणपणाचे.

रणरणतं_ऊन

खेळाडूंच्या जिवाचे काय? ओमानमध्ये २०१५ साली पाचवा टप्पा रद्द करावा लागला. आधी वाळूच्या वादळाने सुरुवातीची जागा हलवली, मग चाळिशीच्या उष्म्यात उतारावर टायर फुटू लागले आणि खेळाडूंनी पुढे जायला नकार दिला. अशा हवेत व्यावसायिक शर्यत भरवूच नये.

चौतीसदाती

ती घटना खरी, पण तिचे कारण अर्धेच सांगितलेत. तेव्हा रिम ब्रेक होते. उतारावर ब्रेकची उष्णता थेट रिममध्ये जायची आणि टायर त्याच रिमवर. आता ती डिस्कच्या पात्यात जाते. नुसत्या उन्हाने किती फरक पडतो त्याचा हिशोब सोपा आहे. २५ अंशाला ५ बार हवा भरली आणि टायर ६० अंशांपर्यंत तापला तर ती ५.७ च्या आसपास जाते. ते लक्षात घेऊन सकाळीच थोडी कमी भरायची. आणि अल-उला टूर जानेवारीअखेर-फेब्रुवारीत असते. दुपारी विशीच्या आसपास तापमान, पहाटे दहाच्याही खाली.

खरा त्रास वाळूचा. वळणावर डांबरावर बारीक वाळूचा थर बसतो, तो शर्यतीआधी झाडलाच पाहिजे. ओल्या तेलावर वाळू चिकटून चेन खाते, म्हणून मेणाची चेन बरी. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फाटक्या टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात. ट्यूबलेसमधले सीलंट ते भोक बुजवते, पण कोरड्या हवेत ते लवकर वाळते. शर्यतीच्या आधी ताजे भरायचे, मागच्या महिन्याच्या भरवशावर राहायचे नाही.

पेडलवाली

एक गोष्ट इथे कुणीच काढली नाही: अल-उलात स्त्रियांची शर्यत होत नाही. कतारमध्ये २००९ ते २०१६ स्त्रियांचीही टूर होत होती. अमिरातीने २०२३ मध्ये स्त्रियांची यूएई टूर थेट वर्ल्ड टूरच्या दर्जाची सुरू केली. सौदीत स्त्रियांना गाडी चालवायची परवानगी मिळाली तीच जून २०१८ मध्ये. रस्ते तेच, पोलीस तेच, हॉटेले तीच. पुरुषांच्या आधी सकाळी १०० किमीचा टप्पा सोडला तर वाढीव खर्च मुख्यतः संघांच्या प्रवासाचा आणि राहण्याचा. हे होत नाही तोवर देशाची प्रतिमा उजळण्यासाठी खेळ वापरला जातो, या आरोपाला आयोजकांकडे उत्तर नाही. अल-उलाचे नाव २०२३ पासून ऑस्ट्रेलियन जेको संघाच्या पुरुष आणि स्त्री दोन्ही जर्सींवर आहे. मग त्या स्त्रियांना त्या रस्त्यावर का उतरवत नाही?

कडेकपारी

पेडलवाली, पूर्ण सहमत. घाटाचा आणि वाऱ्याचा मुद्दाही मान्य, अल-उलाचा मार्ग कतारपेक्षा चांगला आहे. संघ येत राहतील हेही खरे. २.१ दर्जाच्या शर्यतीत अंतिम विजेत्याला यूसीआयचे १२५ गुण मिळतात, तीन वर्षांच्या गुणांवर वर्ल्ड टूरचा परवाना ठरतो, आणि अशा वेळी थंडीतले स्वस्त गुण कुणी सोडत नाही.

पण चांगला मार्ग म्हणजे चांगला पाया नव्हे. पुण्यात जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. दर्जा २.२, म्हणजे एक पायरी खाली, पण गावोगावी रस्त्याच्या कडेला माणसे उभी होती. अल-उलात कड्यांखालून अख्खा पेलोटॉन, म्हणजे सायकलस्वारांचा घोळका जातो आणि कित्येक किलोमीटर कडेला कुणी नसते. तिथे आधी शाळांच्या आणि क्लबांच्या शर्यती हव्यात, सौदी संघातली सात पोरे शेवटच्या गटात का होईना पूर्ण अंतर काढू शकली पाहिजेत.

आडवावारा

त्याला वेळ लागतो. अमिरातीनेही आधी शर्यत आणली, मग २०१७ मध्ये संघ घेतला, आणि युसूफ मिर्झा हा त्यांचा स्वतःचा खेळाडू त्या संघातून वर्ल्ड टूरमध्ये उतरला. आधी क्लब आणि मग शर्यत, हा क्रम युरोपचा. आखातात तो उलटा चालतो आणि निदान एका देशात तो चालला आहे.