विनोदी परीक्षण लिहायला आधी सा लावून दाखवायचा का?

भैरवी_इतक्यात_नको (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात 'ठग्स ऑफ हिंदोस्तान'च्या (२०१८ चा, इंग्रजांशी लढणाऱ्या समुद्री ठगांचा सिनेमा, संगीत अजय-अतुल) गाण्यांचं एक चेष्टेतलं परीक्षण सगळीकडे फिरत होतं, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फॅमिली ग्रुपवर आलंच असेल. त्यातला जहाजाचा जोक मला फार आवडला, म्हणजे 'मंजूर-ए-खुदा'तला कोरस एवढा मोठा आहे की इंग्रजांना तोफा डागायची गरजच नव्हती, कोरसवाले सगळे एका बाजूला उभे राहिले असते तरी जहाज कलंडलं असतं. मी ऑफिसात एकटाच हसलो. आणि खाली एका सद्गृहस्थांची कमेंट, की ज्यांना साधा षड्ज, म्हणजे सा, लावता येत नाही त्यांनी अजय-अतुलवर हसू नये आणि मराठी माणूसच मराठी माणसाचे पाय ओढतो वगैरे. ते डोक्यात गेलं. तिथे उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं म्हणून वेगळा धागा.

अहो, मी ती गाणी किती आशेनं ऐकली होती! ज्यांना 'जोगवा'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ज्यांनी 'सैराट' केलं ते संगीतकार, यशराजचा पैसा, दिवाळी, अमिताभ आणि आमिर पहिल्यांदाच एकत्र पडद्यावर. 'वशमल्ले' संपलं आणि मला त्यातली एक ओळ गुणगुणता येईना, आणि मी असा माणूस आहे की ज्याला लहानपणच्या वॉशिंग पावडरच्या जाहिराती अजून पाठ आहेत. आता यावर मी काय करायचं? 'संगीत श्रवणीय' असं दोन शब्दांत गुंडाळायचं काम पेपरवाले करतातच. गंभीर होऊन 'दर्जा घसरला हो' लिहिलं तर कुत्रं वाचत नाही. मग हसायचंच राहतं ना. सिनेमा पहिल्या दिवशी ५० कोटींवर गेला आणि लगेच आपटला, आमिरनं जाहीर माफी मागितली. ज्याचा सिनेमा तो माफी मागतो आणि आम्ही मात्र हसताना तंबोरा जुळवून बसायचं!

आणि षड्जाचंच म्हणाल तर एप्रिल २०२० मध्ये रहमानच्या 'मसक्कली'चं नवीन व्हर्जन आलं तेव्हा जयपूर पोलिसांनी ट्विट केलं होतं, लॉकडाऊनमध्ये विनाकारण बाहेर फिराल तर खोलीत बसवून हे गाणं परत परत ऐकवू. त्याहून चांगलं संगीत परीक्षण मी तरी वाचलेलं नाही. त्या हवालदारांना सा लावता येतो का हे कुणी विचारलं नाही.

षड्जपंचम

तो सद्गृहस्थ मीच. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं, मी घाबरत नाही.

माझा मुद्दा तुम्ही सोयीस्करपणे वाकवलात. टीका करा की, कोण नको म्हणतंय? पण कोरस किती मोठा आहे यावर जोक मारणाऱ्याला एवढी माणसं एका श्वासात गाताना काय मेहनत लागते याची कल्पना तरी आहे का? श्रेया, सुनिधी, सुखविंदर तिघंही त्या एका गाण्यात आहेत, प्रत्येकाची जागा वेगळी ठेवली आहे, ते ऐकायचं सोडून जहाज कलंडतंय म्हणे. हल्ली विनोद करायला अक्कल लागत नाही, अंगठा लागतो. आणि हो, मराठी माणसाचे पाय ओढणे हा मुद्दा मी मागे घेणार नाही. हिंदीत जाऊन एवढं नाव काढलं की आपल्यालाच खुपतं.

ठाणेकर_काकू

हसायचं की नाही ते तुम्ही ठरवा पण आमच्या सोसायटीच्या गणपतीत जो डीजे लावतात त्याला कुणीतरी परीक्षण वाचून दाखवा. आरती संपली रे संपली की 'झिंगाट', तेही भिंतीएवढे स्पीकर लावून. माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या, छातीवर हात ठेवून बसतात. गाणं चांगलं आहे हो, माझाही पाय हलतो, पण सलग दहा दिवस? कमिटीला सांगितलं तर म्हणतात काकू तुम्ही पण या ना नाचायला.

बे_एरियातला_नाना

@भैरवी, आमच्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात त्या वर्षी मोठ्या हौसेनं 'वशमल्ले' बसवायला घेतलं. बायका-पोरं सगळी उत्साहात. दोन-चार तालमींनंतर नाच बसवणाऱ्या ताई म्हणाल्या, स्टेप्स लक्षात राहतात पण गाणं लक्षात राहत नाही, कुठून उचलायचं तेच कळत नाही. शेवटी 'कोंबडी पळाली'वर नाचले सगळे. तेही अजय-अतुलचंच, म्हणजे बघा! यापेक्षा वेगळा पुरावा मला नको. आणि त्या ताई गांधर्व महाविद्यालयाची परीक्षा दिलेल्या आहेत, षड्जवाल्यांनी नोंद घ्यावी.

षड्जपंचम

नाना, अमेरिकेतल्या मंडळाच्या तालमीवरून संगीताची प्रत ठरवायची असेल तर मग बोलणंच खुंटलं.

बरं, कुणी 'मोहेंजो दारो'वर का लिहीत नाही असं? २०१६ ला आलं, रहमानचं, ऐकवत नव्हतं. तिथे सगळे गप्प. त्याच्यावर लिहा की एखादं खुसखुशीत परीक्षण, मी स्वतः शेअर करीन.

भैरवी_इतक्यात_नको

हाहाहा. म्हणजे रहमानवर हसायला सा लागत नाही. सा फक्त पुणे जिल्ह्यासाठी राखीव. धन्यवाद, माझं काम तुम्हीच केलंत.

खोक्यातलं_व्हायोलिन

मी एरवी नुसता वाचत असतो पण कोरसचा विषय निघाला म्हणून लिहितोय, लांबेल, सांभाळून घ्या.

माझे बाबा गोव्यातल्या साष्टीतले. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकले, मुंबईला आले, माहीमला एका खोलीत आम्ही पाच जण. सेकंड व्हायोलिन वाजवायचे. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचं फेमस, वांद्र्याचं मेहबूब, ज्या स्टुडिओत बोलावतील तिथे लोकलनं, काळं खोकं दोन्ही पायांच्या मध्ये धरून. तेव्हा गायक-वादक सगळे एकत्र, एकाच टेकमध्ये. चौथ्या मिनिटाला कुणाची तार तुटली की सगळ्यांनी परत पहिल्यापासून. त्यांचे नोटेशनचे कागद अजून माझ्याकडे आहेत, त्यावर पेन्सिलीनं खुणा, 'बासरी संपेपर्यंत थांब', एका ठिकाणी 'इथे नायिका वळते'. बाबांनी त्यातले बहुतेक सिनेमे कधी बघितलेच नाहीत.

रेकॉर्डच्या कव्हरवर संगीतकार, गीतकार, गायक. वाजवणारे साठ जण कुठेच नाहीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस एवढे मोठे अरेंजर (कुठलं वाद्य कुठे काय वाजवेल ते लिहिणारे), लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवलेलं, पण लोकांना त्यांचं नाव माहीत आहे ते १९७७ च्या अमिताभच्या 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' या गाण्यामुळे. त्यातल्याही निम्म्यांना वाटतं की ते गंमत म्हणून घेतलेलं नाव आहे.

नव्वदीत बोलावणी आटत गेली. एक माणूस, एक कीबोर्ड, त्याच्यावर 'स्ट्रिंग्स' लिहिलेलं बटण. बाबांनी एकदा ते दाबून सूर धरून ठेवला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "ह्याचा गज वळतच नाही रे कुठे." गज म्हणजे व्हायोलिनच्या तारांवर फिरवायची काठी. तुम्ही जोक करा नाहीतर करू नका, पण गाणी लक्षात का राहत नाहीत याचं कारण मला तिथे सापडतं. जिवंत माणसं वाजवतच नाहीत. 'मसक्कली'च्या त्या भानगडीत रहमाननं स्वतः काय लिहिलं होतं? मूळ गाण्यामागे २०० हून जास्त वादक आणि ३६५ दिवसांची मेहनत होती. तो जयपूरचा जोक सगळ्यांना आठवतो, हे आठवत नाही.

कीबोर्डवाला_अंधेरी

झालं. आला कीबोर्डवर राग. दर धाग्यात येतो.

काका, तुमच्या बाबांबद्दल आदर आहे पण त्यांच्या पोटावर पाय मी दिलेला नाही. मी प्रोग्रॅमिंग करतो, म्हणजे कॉम्प्युटरवर वाद्यं रचतो, सिनेमाची, सीरियलची, जे मिळेल ते. काम कसं येतं सांगतो. दिग्दर्शक आधी एका हिट गाण्याची लिंक पाठवतो, खाली लिहितो 'असंच पण वेगळं'. शुक्रवारी रात्री. सोमवारी हवं असतं. लेबलवाल्यांना (गाणी विकणाऱ्या कंपन्यांना) आधी हुक, म्हणजे चटकन डोक्यात बसणारा तुकडा, ऐकायचा असतो, रीलमध्ये पंधरा सेकंदांत काय बसेल ते, बाकीचं गाणं कसंही भरा. चार खरी व्हायोलिनं मागितली तर बजेट नाही, आणि तोच प्रोड्युसर त्याच गाण्याच्या शूटला सत्तर माणसं घेऊन परदेशात! मग मी तेच सॅम्पल (वाद्याचा आधीच रेकॉर्ड केलेला तयार आवाज) वापरतो जे अंधेरीतल्या प्रत्येक मुलाकडे आहे आणि तुम्ही म्हणता सगळी गाणी सारखी वाटतात. वाटणारच की राव. त्यात आता एका सिनेमाला चार-चार संगीतकार, 'आशिकी २'मध्ये तिघं होते, ते चाललं म्हणून सगळ्यांनी तेच धरलं, त्यामुळे अल्बमची जबाबदारी अशी कुणाचीच नाही. आणि माझं नाव? तुमच्या बाबांचं कव्हरवर नव्हतं, माझं ॲपवर नसतं. गीतकारांचंसुद्धा नसायचं, २०२० मध्ये त्यांना एकत्र येऊन 'क्रेडिट दे दो यार' म्हणत गाणं काढावं लागलं, तिथे मी कोण?

यंत्रात दोष असता तर १९९२ मध्ये 'रोजा' झालाच नसता. चेन्नईत घरामागच्या छोट्या स्टुडिओत, सिंथेसायझर आणि कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या नवख्या मुलानं केलेलं संगीत, राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेलं. तुमचा तोच २०० वादकवाला रहमान. त्याला परवडतं हो ३६५ दिवस लिहायला, मला तीन मिळतात.

खोक्यातलं_व्हायोलिन

एक 'रोजा' होतो म्हणून हजार बटणं माफ होत नाहीत. आणि 'रोजा'तसुद्धा बासरी खऱ्या माणसानं वाजवलेली आहे.

षड्जपंचम

व्हायोलिनवाले, तुमच्याशी मी शंभर टक्के सहमत, आणि म्हणूनच अजय-अतुल मोठे! 'सैराट'साठी ते थेट लॉस एंजेलिसला गेले, सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर (सिनेसंगीत रेकॉर्ड करायचा मोठा स्टुडिओ) पूर्ण सिम्फनी ऑर्केस्ट्रा बसवून रेकॉर्डिंग केलं. मराठी सिनेमासाठी! 'याड लागलं'मधली व्हायोलिनं ऐकून अंगावर काटा आला नाही तर डॉक्टरला दाखवा.

खोक्यातलं_व्हायोलिन

काटा आला. त्यानंतर रागही आला. माझ्या बाबांच्या बरोबरीचे दोन जण तेव्हा मालाड आणि वसईत शिकवण्या करून दिवस काढत होते. मुंबईत व्हायोलिनवाले घरी बसलेले आणि आपण अमेरिकेत जाऊन वाजवून घ्यायचं. याला अभिमान म्हणायचं असेल तर म्हणा.

षड्जपंचम

म्हणजे आता चांगलं केलं तरी शिव्याच. तेवढी मोठी जागा, त्या पद्धतीचं रेकॉर्डिंग, सरावाचा वाद्यवृंद इथे एका फोनवर मिळतो का? एकदा मोठं स्वप्न बघितलं पोरांनी तर लगेच वसईतला माणूस आठवला. मघाशी पाय ओढण्याबद्दल म्हणालो ते हेच.

खोक्यातलं_व्हायोलिन

तो 'वसईतला माणूस' तुम्ही आयुष्यभर गुणगुणत आलात त्या गाण्यांत वाजवून गेला आहे. नीट बोला.

भैरवी_इतक्यात_नको

अहो थांबा थांबा दोघंही. मी विनोदी परीक्षणाबद्दल विचारलं होतं आणि इथे लॉस एंजेलिस विरुद्ध वसई सामना लागलाय. पण षड्जपंचम, व्हायोलिनवाल्यांना 'सॉरी' म्हणा, ते वाक्य खरंच बरं नव्हतं.

आणि तुम्हा दोघांमुळे माझाच मुद्दा पक्का होतोय, ऐका. ज्यानं 'सैराट'मधली व्हायोलिनं कान देऊन ऐकली त्यालाच 'वशमल्ले'वर जोक सुचतो. ज्याला अजय-अतुलशी काही देणंघेणं नाही तो जहाज कलंडवायच्या भानगडीत पडेल कशाला, तो पुढचं गाणं लावेल. परीक्षण लिहिणाऱ्यानं तो कोरस किती वेळा ऐकला असेल विचार करा. मी तर म्हणतो तुमच्यापेक्षा जास्त.

कीबोर्डवाला_अंधेरी

हे मात्र खरं नाही हां. सगळेच ऐकून लिहीत नाहीत. आमच्या एका गाण्यावर एकानं इतकं भारी लिहिलेलं, 'सनईचा अतिरेक' वगैरे, लोक लोटपोट. गाण्यात सनई नव्हतीच. ट्रंपेट होतं, तेही सॅम्पल. हसा, पण निदान वाद्य तरी ओळखा. सा नको, एवढं तरी?

ठाणेकर_काकू

आमच्या डीजेवाल्याला सांगून बघते, सॅम्पल कमी कर म्हणून. तो म्हणेल काकू तुम्ही पण या नाचायला.

षड्जपंचम

व्हायोलिनवाले, वसईचं वाक्य मागे घेतो. बाकी एकही शब्द नाही.

धागाकर्त्यांसाठी: तो जहाजाचा जोक बायकोला वाचून दाखवला, उद्देश हा की लोक किती थिल्लर लिहितात ते तिला कळावं. ती हसत सुटली. ती संगीत विशारद आहे. त्यामुळे आजचा दिवस तुमचा समजा आणि फार उड्या मारू नका, 'मंजूर-ए-खुदा' अजूनही चांगलंच गाणं आहे.

खोक्यातलं_व्हायोलिन

ठीक आहे, विषय संपला माझ्याकडून. @कीबोर्डवाला, तुमच्या त्या ट्रंपेटच्या गाण्याची लिंक द्या. नाव नसेल तरी चालेल, ऐकून सांगतो श्वास कुठे घेतलाय ते.

कीबोर्डवाला_अंधेरी

श्वास घेतलेलाच नाही काका, सॅम्पल आहे म्हटलं ना. व्यनि (खासगी निरोप) करतो. शिव्या पण तिथेच द्या, इथे नको.